पेव

हरिपुरात आमच्या घरामागे तीन पेवं होती.
आत उतरायच्या आधी आप्पा
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
ज्योत विझली की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
"हवा जड झालीय," एवढंच म्हणायचे,
आणि पेवाचं तोंड उघडं टाकून
कडेला बसून राहायचे, दिवस कलेपर्यंत.
आतली हळद पिवळी, गप्प,
दोन-दोन वर्षं भाव चढायची वाट बघत.

त्या जड हवेचं नाव मला शाळेत कळलं.
मुजावर सरांनी चुन्याच्या निवळीत नळी बुडवली,
म्हणाले, फुंक.
फुंकलं. निवळी दुधासारखी झाली.
घंटा झाली, वर्ग रिकामा झाला,
मी फुंकतच राहिले
आणि दुधाचं पुन्हा पाणी झालं.
वाटलं, काहीतरी मोडलं माझ्या हातून.
सर म्हणाले, "मोडलं नाही गं, जास्त झालं.
तुझ्याच श्वासानं धरलेलं
तुझ्याच श्वासानं विरघळलं."

आता मी जहाजावर बाटल्या भरते.
दारामागून गेलेली कृष्णा
हंसलदीवीला जिथे खारी होते
त्याच्याही पुढे, चार दिवसांच्या अंतरावर.
समुद्र अजून आंबट नाही,
फक्त आंबटाकडे सरकलाय.
आप्पांच्या पणजोबांच्या काळी आठ पूर्णांक दोन असेल,
आता आठ पूर्णांक एक.
"एक दशांश?" आप्पा फोनवर हसले.
"एवढ्यासाठी सरकार जहाज देतं?"

हा माणूस यार्डात क्विंटलमागे दहा रुपयांसाठी
दुपारचं जेवण टाळायचा.

सुट्टीत घरी आले तेव्हा
ताटलीत हळद घेतली, चुना कालवला.
लाल झाली.
वर लिंबू पिळलं.
कडेकडेनं लाली जाऊ लागली.
आई स्वयंपाकघरातून धावली,
"घरात कुंकू पुसतात का, शिकलेली तू!"
ताटली तिनं उचलून नेली, मोरीत ओतली.
प्रयोग अर्धाच राहिला.

पण आप्पांनी बघितलं होतं.
रात्री अंगणात म्हणाले,
"आपण जाळतो त्यातलं किती जातं आत?"
चौथाई.
"आणि ते वर कधी येतं?"
तळाशी गेलं तर हजारेक वर्षांनी.
आप्पा बोटांवर काहीतरी मोजू लागले
आणि मध्येच सोडलं.
"पेवच की मग," म्हणाले.
"फक्त मालकानं मागं वळून न बघितलेलं."

आमची पेवं त्या पुरात गेली.
चिखलात नासलेली हळद
महिनाभर गल्लीत वास मारत होती.
आता तिथे फरशी आहे,
भरतेशची मोटारसायकल उभी असते,
आणि पाऊस फार झाला की फरशीखाली
काहीतरी पोकळ वाजतं.

समुद्रात एक गोगलगाय असते, मुगाच्या डाळीएवढी,
पायांचे पंख करून पोहणारी.
तिचा शंख भिंगाखाली धरला
तेव्हा नखासारखा आरपार दिसला,
कडेला खरवडल्यासारखा.
चुना हळूहळू परत मागितला जातोय तिच्याकडून.
हे मी आप्पांना सांगितलं नाही.
आईला सांगितलं. ती म्हणाली,
"बिचारी. घर अंगावरच आहे तिचं."

काल रात्री दोन वाजता
बाटल्यांची चौकट खाली सोडली.
तार सरसरत गेली, हजार मीटर, दोन हजार.
यंत्राचा आवाज सोडला तर जहाज झोपलेलं.
माझा हात तारेवर नव्हता,
तरी मूठ आवळलेली होती.
खाली विझायला ज्योत नव्हती.

पहाटे फोनला रेंज आली.
आप्पा जागेच होते.
"कंदील वर घेतलास?"
घेतला.
"मग?"
पडद्यावरचा आकडा मी वाचून दाखवला.
पलीकडे ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
फक्त अंगणात कुणीतरी झाडत असल्याचा आवाज येत होता.